शहाण्याने करू नये असे काम

सॉफ्टबॉलचा संघ घडवणे हे शहाण्या माणसाचे काम नाही, असे माझ्या ओळखीतली सगळी शहाणी माणसे सांगतात, आणि त्यांच्या हिशेबात चूक काढायला जागा नाही. या खेळाला प्रेक्षक नाहीत. टीव्हीवर सामने दिसत नाहीत. खेळाडूंचे लिलाव होत नाहीत आणि गल्लीतली पोरे कुठल्या पिचरच्या नावाचा टी-शर्ट घालून फिरत नाहीत. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९६ साली आला, २००८ नंतर काढला गेला, टोकियोला परत आला, पॅरिसला पुन्हा नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत पुन्हा येणार आहे. ज्या खेळाला जगाच्या अंगणातही हक्काची जागा नाही, त्यासाठी जळगाव, अमरावती किंवा पुण्यातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर पहाटे साडेपाचला उभे राहणारा माणूस वेडा ठरला, तर त्यात नवल काय? घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे ते हेच.

मी या वेडाची बाजू घेणार आहे, आणि ती गमतीने घेत नाही. स्पर्धांच्या निमित्ताने मी अशी बरीच माणसे जवळून पाहिली, त्यांच्याबरोबर एस.टी.च्या मागच्या सीटवर किटबॅगा मांडीवर घेऊन प्रवास केला, परगावच्या शाळेच्या वर्गात बाके सरकवून सतरंज्या अंथरल्या. ही माणसे वेडी आहेत हे मला मान्य आहे. मुलांच्या हाती हेच वेड पडावे, असेही मला वाटते.

आधी वेडाचा प्रकार नीट ओळखायला हवा. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे एकामागून एक मांडली आहेत. गेलेल्या वस्तूचा शोक करत बसणारा त्यांच्या यादीत आहे. त्या कसोटीवर आमचे प्रशिक्षक साफ सुटतात. सकाळी नऊला हरलेला सामना साडेनऊनंतरही उगाळत बसलेला प्रशिक्षक मी पाहिलेला नाही, कारण साडेनऊला पुढच्या सामन्याची बॅटिंग ऑर्डर लिहून गुणलेखकाकडे द्यायची असते. त्यांचे वेड दुसरे आहे. निकाल लागला तरी तो लागलाच नाही, असे ते वागतात. हरल्यावर संपले असे धरत नाहीत, आणि जिंकल्यावरही संपले असे धरत नाहीत. व्यवहारात याला वेडच म्हणतात, कारण व्यवहार निकालावर चालतो.

खेळाचा जन्मच एका निकालानंतर झाला, हे मला फार योग्य वाटते. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात येल आणि हार्वर्डचे माजी विद्यार्थी त्यांच्या कॉलेजांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल आला. येल जिंकले होते. त्या आनंदात एकाने शेजारी पडलेला बॉक्सिंगचा ग्लोव्ह हार्वर्डच्या माणसाकडे भिरकावला आणि त्याने तो हातातल्या दांडक्याने परतवला. सामना संपला होता, पैजा फिटल्या होत्या, सगळ्यांनी घरी जायचे होते. जॉर्ज हॅन्कॉक मात्र तिथेच थांबला. त्याने ग्लोव्हच्या नाड्या करकचून बांधून चेंडू केला, व्यायामशाळेच्या फरशीवर खडूने मैदान आखले आणि दोन बाजू पाडून डाव मांडला. निकाल लागल्यावर घरी न गेलेल्या माणसांनी हा खेळ सुरू केला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव त्याला १९२६ मध्ये मिळाले आणि १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याची मोठी स्पर्धा भरली. तेव्हापासून तो आडवातिडवा पसरत आपल्या जिल्हा क्रीडा संकुलांच्या मुरमाड मैदानांपर्यंत येऊन पोचला.

इथे तो क्रिकेटच्या सावलीत खेळला जातो. शाळेच्या मैदानाच्या मध्यावर क्रिकेटची खेळपट्टी असते, तिच्यावर पाय ठेवायचा नाही असा दंडक असतो, म्हणून सॉफ्टबॉलचा चौकोन एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला आणि कंपाउंडला धरून आखावा लागतो. बेसमधले अंतर ६० फूट. पिचरपासून होम प्लेट मुलींसाठी ४३ फूट. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा आकाराने मोठा आणि वजनाला जड. चांगल्या पातळीवरचा पिच बॅटरपर्यंत सुमारे चार दशांश सेकंदात पोचतो, म्हणजे चेंडू पाहून विचार करायला सवडच नसते. विचार आधीच्या शेकडो सकाळी करून ठेवावा लागतो. त्या सकाळी मोजायला कुणी बसलेले नसते. पावसाळ्यात शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होतो तेव्हा काळ्या मातीचे मैदान चिकट होते, फक्कीच्या रेषा दुपारपर्यंत पुसल्या जातात आणि मुरमावर स्लाइड मारलेल्या मुलींच्या मांड्या खरचटलेल्या असतात. हेल्मेट एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जाते. डावखुऱ्या मुलीला उजव्या हाताचा ग्लोव्ह मिळेपर्यंत तिचा एक हंगाम वाया जातो. हे सगळे सांभाळणारा माणूस पगारासाठी पी.टी.चा शिक्षक असतो, आणि पुष्कळदा तोही नसतो. बँकेत नाहीतर पंचायत समितीत नोकरी करून सकाळ-संध्याकाळ मैदानावर येतो.

आता हा माणूस शिकवतो काय ते पाहा. शहाणा माणूस मुलांना जे मोजले जाते ते शिकवील. आमचे प्रशिक्षक सगळ्यात जास्त वेळ जे मोजले जात नाही त्यावर घालवतात. सॅक्रिफाइस बंट घ्या. फर्स्ट बेसवर आपली खेळाडू उभी आहे, बॅटिंगला चांगली मुलगी आली आहे, आणि प्रशिक्षक थर्ड बेसजवळून खूण करतो: बॅट आडवी धर, चेंडू हळूच समोर ठेव, तू आऊट हो, ती सेकंडला जाऊ दे. मुलगी आऊट होऊन परत येते. गुणपत्रकात ही खेळी बॅटिंगची खेळी म्हणून धरतच नाहीत. तिच्या सरासरीत तिचा पत्ता नसतो. घरी गेल्यावर बाबा विचारतात, “किती मारलेस?” या प्रश्नाचे उत्तर ती देऊ शकत नाही. तरी प्रशिक्षक रोज संध्याकाळी तिच्याकडून बंट करून घेतो, गुडघे वाकव, बॅटचे टोक वर, चेंडू बॅटवर येऊ दे, ढकलू नकोस, आणि ती चुकली की पुन्हा करायला लावतो. दुसऱ्याला पुढे नेण्यासाठी स्वतः बाद होण्याचे कसब इतक्या निगुतीने शिकवणारी दुसरी जागा मला आपल्या शिक्षणव्यवस्थेत दिसलेली नाही. तिथे सगळीकडे वरच्या क्रमांकाची शिकवणी चालते.

आणि राइट फील्डचे तर मी डोळ्यांनी पाहिलेले सर्वांत मोठे वेड. शालेय संघात राइट फील्डला बहुधा सगळ्यांत कच्ची मुलगी उभी असते, कारण उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरचे फटके बरेचसे डावीकडे जातात आणि तिकडे चेंडू क्वचित येतो. तिला सावलीत उभे राहू दिले, तरी सामन्यात फारसा फरक पडणार नाही. प्रशिक्षक तिला उभी राहू देत नाही. इनफिल्डमध्ये जमिनीवरून चेंडू गेला, शॉर्टस्टॉपने उचलला, फर्स्ट बेसकडे फेकला, की राइट फील्डरने तेवढ्यात धावत फर्स्ट बेसच्या मागे पोचायचे. फेक चुकली तर मागे कोणीतरी हवे. फेक बहुतेक वेळा चुकत नाही. फर्स्ट बेसवाली चेंडू पकडते, बॅटर आऊट होते, टाळ्या शॉर्टस्टॉपला मिळतात आणि राइट फील्डवाली धापा टाकत आपल्या जागी परत जाते. पुढचा चेंडू, पुन्हा तेच. सात इनिंगमध्ये ती कितीतरी वेळा धावते आणि एकदाही चेंडूला हात लावत नाही. एका प्रशिक्षकाला मी विचारले, की या पोरीची इतकी दमछाक कशाला? त्यांनी उत्तर दिले नाही. पुढच्या इनिंगला ती वेळेवर निघाली नाही, तेव्हा त्यांनी टाइम घेतला आणि साऱ्या मैदानासमोर तिला बोलावून शांतपणे विचारले, “कुठं होतीस गं?” फेक तेव्हाही चुकलेली नव्हती. सामना आमचा संघ जिंकत होता. माझ्या मनात त्या प्रश्नाइतका आदर दुसऱ्या कशाने उत्पन्न झालेला नाही. जे घडले नाही त्याच्यासाठीही तू हजर असायला हवे होतेस, असे मुलांना सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

जगातल्या सर्वांत मोठ्या मैदानावरही हे वेड असेच दिसते, फक्त तिथे दिवे जास्त असतात. सिडनी ऑलिंपिकला, २००० साली, अमेरिकेच्या संघाची सलग विजयांची मालिका ११२ सामन्यांवर पोचली होती. राल्फ रेमंड प्रशिक्षक होते. सुवर्णपदक त्यांच्यासाठीच घडवून ठेवले आहे, असे सगळे धरून चालले होते. साखळीत ते जपानकडून हरले, मग चीनकडून हरले, मग ऑस्ट्रेलियाकडून हरले. तिन्ही सामने जादा इनिंगमध्ये गेलेले, तिन्हींत फरक एकदोन धावांचा. ऑस्ट्रेलियाविरुद्ध लिसा फर्नांडिसने २५ बॅटर स्ट्राइकआऊट केल्या. पंचवीस! तेराव्या इनिंगला जोअ‍ॅन ब्राउनने तिचा एक चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला आणि अमेरिका हरली. एखाद्या पिचरने याहून चांगले काय करायचे असते, ते मला कोणी सांगावे. सामना मात्र गेला तो गेलाच.

सलग तीन पराभवांनंतर शहाण्या माणसाने काय करावे? चौकशी नेमावी, दोष कोणाचा ते ठरवावे, दोघी-तिघींना बसवावे. त्या संघातल्या खेळाडूंनी गणवेश अंगावर तसाच ठेवून शॉवरखाली उभे राहायचे ठरवले. अंगाला लागलेली नाट धुऊन काढायची म्हणून. प्रौढ, शिकलेल्या स्त्रिया. त्यांच्यातली डॉट रिचर्डसन तर पेशाने डॉक्टर. मला हे दृश्य पोरकट वाटत नाही. पराभव अंगावर चढलेला असतो, हे खेळणाऱ्याला ठाऊक असते. तो उतरवायला काहीतरी करावे लागते आणि ते सगळ्यांनी मिळून करावे लागते. भाषणाने तो उतरत नाही. आपल्याकडे मुली हरल्यावर नळावर जाऊन एकमेकींच्या डोक्यावर पाणी ओततात, तेव्हा आमचे प्रशिक्षक त्यांना हाकलत नाहीत, बाजूला उभे राहतात. त्यानंतर अमेरिका एकही सामना हरू शकत नव्हती आणि हरलीही नाही. बाद फेरीत त्यांनी आधी चीनला हरवले, मग ऑस्ट्रेलियाला, आणि अंतिम सामन्यात जपानला आठव्या इनिंगला २-१ ने. ज्या तिघांनी हरवले होते, त्या तिघांनाच, आणि प्रत्येक वेळी हरले की संपले अशा सामन्यात.

ही गोष्ट विजेत्यांची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला हरलेला संघ जास्त जवळचा वाटतो. जपान त्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत एकही सामना हरले नव्हते. अंतिम सामन्यात रेइका उत्सुगीने होमरन मारून त्यांना आघाडीही मिळवून दिली होती. शेवटी पावसात लेफ्ट फील्डला एक चेंडू उंच गेला, खेळाडू मागे धावली, चेंडू ग्लोव्हला लागून निसटला आणि सुवर्णपदकही निसटले. अशा क्षणानंतर चेंडू सोडणाऱ्या मुलीजवळ जाऊन उभे राहणे हे प्रशिक्षकाचे खरे काम, आणि त्याला काही मोबदला नाही. उत्सुगी मूळची चीनमध्ये जन्मलेली, जपानची नागरिक होऊन जपानकडून खेळलेली. पुढे ती प्रशिक्षक झाली. २७ जुलै २०२१ ला योकोहामात टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तिच्या संघाने अमेरिकेला २-० ने हरवले. सिडनीच्या त्या पावसाला तेव्हा एकवीस वर्षे होत आली होती. इतका काळ एका खेळात टिकून राहणे, आणि तोही मधल्या दोन ऑलिंपिकमधून खेळच वगळला गेलेला असताना, याला मी शहाणपण म्हणणार नाही. शहाणी माणसे २००५ मध्येच उठली असती, जेव्हा ऑलिंपिक समितीने २०१२ पासून हा खेळ बंद करायचे मतदानाने ठरवले.

सॉफ्टबॉलच्या नियमांतच या वेडाला आधार आहे. सुरुवातीच्या संघातल्या खेळाडूला बाहेर काढले, तर तिला एकदा परत आत घेता येते. क्रिकेटसारखे किंवा फुटबॉलसारखे नाही. टोकियोच्या त्याच अंतिम सामन्यात ३९ वर्षांच्या युकिको उएनोला उत्सुगीने सहाव्या इनिंगला बाहेर बसवले, मिउ गोतोला आणले, आणि शेवटच्या सातव्या इनिंगला उएनोला परत पिचिंगला पाठवले. बाहेर काढणे म्हणजे निकाल लावणे नव्हे, हे नियमपुस्तकातच लिहिलेले आहे. मुलीला बाहेर बोलावताना आमचे चांगले प्रशिक्षक हे मुद्दाम सांगतात: ग्लोव्ह काढू नकोस, हात गरम ठेव. डगआऊटमध्ये ती रडत बसत नाही, चेंडू फेकत राहते.

याच उएनोबद्दल माझे एक भांडण आहे आणि ते इथे मांडायलाच हवे. बीजिंगला २००८ साली २० ऑगस्टच्या एकाच दिवशी तिने अमेरिकेविरुद्ध नऊ आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा, अशा एकवीस इनिंग टाकल्या. ३१८ पिच. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, आणखी ९५. दोन दिवसांत तिने ४१३ पिच टाकले, जपानने ३-१ ने सुवर्णपदक घेतले आणि ऑलिंपिकमध्ये सलग २२ सामने जिंकलेला अमेरिकेचा संघ थांबवला. मी त्या सामन्यापुढे नतमस्तक आहे. पण हा आकडा आपल्याकडे काही जण प्रेरणेसाठी सांगतात, आणि चौदा वर्षांच्या मुलीला दिवसात तीन सामने पिचिंग करायला लावतात, कारण दुसरी पिचर तयारच केलेली नसते. हे वेड नाही. ही निकालाची हाव आहे आणि ती शहाण्यांची आहे: स्पर्धा आज आहे, खांदा उद्या दुखेल. अंडरआर्म पिचिंगने खांद्यावर ताण येत नाही, हा समज खोटा आहे. पूर्ण वाढ झालेल्या, स्वतःचे शरीर ओळखणाऱ्या खेळाडूने घेतलेला निर्णय वेगळा आणि आठवीतल्या पोरीला ‘अजून एक इनिंग टाक’ म्हणणे वेगळे. मी ज्यांची स्तुती करतो आहे ते प्रशिक्षक दुसरी पिचर हाताशी असावी म्हणून दोन सामने हरतात. हरतात, आणि संस्थाचालकांची बोलणी खातात.

हरण्याचे नाव निघाले आहे, तर मी पाहिलेला एक सामना सांगतो. विभागीय स्पर्धा, बाद पद्धत, म्हणजे हरलेला संघ दुपारच्या गाडीने घरी. या खेळात पाच इनिंगनंतर सात धावांची आघाडी झाली की पंच सामना थांबवतात. आमच्या जिल्ह्याचा संघ पाचव्या इनिंगला बॅटिंगला आला तेव्हा बराच मागे होता. थोड्या धावा झाल्या नाहीत, तर तिथेच संपणार होते. समोरचा संघ उंच, सरावातला, प्रत्येकीकडे स्वतःची बॅट असलेला. आमच्या प्रशिक्षक मॅडमनी पहिली बॅटर आऊट झाल्यावर बाकावरच्या एका मुलीला हेल्मेट घालायला सांगितले. ती संपूर्ण हंगामात क्वचितच मैदानात उतरली होती. सरावाला मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बेस मांडायची.

“मॅडम, आता काय उपयोग?” ती म्हणाली. तिला वाटत होते, दया म्हणून पाठवताहेत.

“आऊट किती झाले?”

“एक.”

“मग अजून दोन आहेत. जा, आणि पहिला पिच सोडून दे, बघून घे.”

तिने पहिला पिच सोडला, दुसरा सोडला, तिसऱ्यावर फाउल मारला. पिचर थोडी वैतागली. ती मुलगी चिकाटीने उभी राहिली आणि चार बॉल काढून चालत फर्स्ट बेसला गेली. धाव झाली नाही. पुढच्या दोघी आऊट झाल्या, सामना थांबला, संघ स्पर्धेतून बाहेर पडला. गाडीला अजून वेळ होता. मॅडमनी मुलींना झाडाखाली बसवले आणि त्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पिचबद्दल बोलत राहिल्या: बाहेर जाणारा चेंडू तिने कसा ओळखला, बॅट मध्येच कशी थांबवली. दहा मिनिटे. इतर काही नाही. हरलेल्या दिवशी त्या एकही चूक दाखवत नाहीत, हे मी नंतर बऱ्याच वेळा पाहिले. त्यांचा हिशेब सरळ आहे: हरलेल्या मुलीला चुका आधीच पाठ असतात, तिला काय जमले ते मात्र तिला सांगावे लागते.

जिंकल्यावर त्या उलट वागतात, आणि इथे पालक हमखास नाराज होतात. जिल्हा अजिंक्यपद मिळाले, फोटो झाले, पेढे आले, कोणाचे तरी मामा मोबाइलवर शूटिंग करताहेत, आणि मॅडम मुलींना गोल करून विचारताहेत: दुसऱ्या इनिंगला सेकंड बेस कोणी मोकळी सोडली? कॅचरच्या डोक्यावरून गेलेल्या फेकीमागे कोण होते? समोरच्या संघाने चार चुका केल्या नसत्या, तर आज आपण जिंकलो असतो का? मग बेस उचलायला, किट मोजायला आणि गुणलेखकांचे टेबल आत न्यायला त्याच मुली. एक बाबा मला म्हणाले, “आजचा दिवस तरी पोरींना मिरवू द्यायचा होता.” त्यांचा जीव तुटत होता हे कळत होते. पण मी मॅडमच्या बाजूचा आहे. हरल्यावर चुका काढणारे शंभर भेटतात. जिंकलेल्या माणसाला खरे सांगणारा एखादा भेटला, तर नशीब. आणि मिरवणे झालेच की, गाडीत. गाव येईपर्यंत गाणी थांबली नव्हती, आणि मॅडम सगळ्यांत मोठ्याने गात होत्या.

पालकांचा दुसरा प्रश्न प्रमाणपत्राचा. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, शिवछत्रपती पुरस्कारही सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना मिळालेले आहेत. यात काहीच गैर नाही. शेतमजुराच्या मुलीला खेळामुळे पोलिसात किंवा शिक्षण खात्यात नोकरी लागली, तर घराचे रूप पालटते, आणि आमचे प्रशिक्षक तालुक्यापासून राज्यापर्यंतचे अर्ज, जन्मदाखले, ओळखपत्रे रात्री जागून भरतात ते यासाठीच. पण प्रमाणपत्रासाठी आलेली मुलगी आणि खेळासाठी आलेली मुलगी यांत ते फरक करत नाहीत, हे मला त्यांच्या वेडाचे सर्वांत अवघड अंग वाटते. शहाणा माणूस पहिलीला हसला असता. हे दोघींना सारखेच पळवतात. पहिली बहुधा तिसऱ्या महिन्यात प्रमाणपत्राबद्दल विचारणे सोडून देते आणि बंटबद्दल विचारू लागते. सगळ्याच तसे करत नाहीत. काही प्रमाणपत्र घेऊन जातात आणि पुन्हा मैदानाकडे फिरकत नाहीत. त्यांच्याबद्दलही मी कुठल्या प्रशिक्षकाच्या तोंडून वाकडा शब्द ऐकला नाही.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. या माणसांना समाज ‘छंदिष्ट’ म्हणतो आणि तेवढ्यावर मोकळा होतो. छंद असलेल्या माणसाला साहित्य द्यावे लागत नाही, प्रवासभत्ता द्यावा लागत नाही, मुलींसाठी मैदानाजवळ स्वच्छतागृह बांधावे लागत नाही. वेडाचे कौतुक हा खर्च टाळण्याचा फार सोयीचा मार्ग आहे, आणि माझ्या या लेखाचाही कोणी तसा वापर करू नये. स्तुती करा, आणि कॅचरसाठी नवे लेगगार्डही द्या. जुन्याचे पट्टे सुतळीने बांधलेले असतात.

शालेय स्पर्धांचे सामने पाहायला कोणालाही तिकीट लागत नाही. तुमच्या जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात या हंगामात सॉफ्टबॉल कधी आहे, ते क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारले तर सांगतील. गेलात तर होम प्लेटच्या मागे गर्दीत बसू नका. फर्स्ट बेसच्या बाजूला, राइट फील्डच्या रेषेबाहेर बसा आणि त्या मुलीचे नाव विचारून ठेवा, म्हणजे ती धावत येईल तेव्हा नावाने हाक मारता येईल. सामने सकाळी लवकर सुरू होतात. टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या, तिथे सावली नसते.